पडणारा तुकडा

मी आयुष्यात एकही सिगार ओढलेली नाही. तरी आज कुठल्या कुठल्या देशांत मिळून तीनशे माणसांच्या खिशात मी आखलेलं सिगारचं कटर आहे. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ते जन्माला आलं, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. त्यावर जळगावचं नाव नाही, माझं तर नाहीच.

माझा धंदा पंच-डायचा. डाळमिलच्या चाळण्यांना भोकं पाडायचे पंच, ठिबकच्या जोडण्यांचे साचे, चटईच्या मशीनचे झिजलेले भाग. जळगावात जे जे चालतं त्याच्या मागे उभं राहून हत्यार करून द्यायचं, एवढंच काम. त्यात एकदा मार्चअखेरीस मुंबईचे एक निर्यातदार गृहस्थ ओळखीच्या ओळखीने आले. दुपारी त्यांना शेवभाजी खाऊ घातली. डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत त्यांनी बॅगेतून एक लाकडी डबी काढून टेबलावर ठेवली. आत बारा सिगारी. सोबत तीन परदेशी कटर. "असंच पाहिजे," म्हणाले, "पण याच्यापेक्षा चांगलं आणि याच्या निम्म्या किमतीत." गिऱ्हाईक कुठलंही असो, वाक्य तेच असतं.

आमच्याकडे सिगार ओढतो कोण? मराठी माणसाला चिरूट म्हटलं की बाळासाहेब ठाकरे आठवतात, नाहीतर चर्चिल. दोघंही फोटोतच पाहिलेले. मला तर लहानपणी वाटायचं, चिरतात म्हणून चिरूट. तसं काही नाही. मूळ शब्द तमिळ, 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी. आणि गंमत बघा, त्रिचनापल्लीकडचा जो अस्सल चिरूट, तो दोन्ही टोकांनी उघडाच असतो. त्याला चिरावं लागतच नाही. चिरावी लागते ती क्यूबाच्या पद्धतीची सिगार. तिचं एक तोंड बंद करून देतात.

ते कसं बंद करतात हे कळायला मी पहिल्याच रात्री एक सिगार ब्लेडने उभी चिरली आणि वर्तमानपत्रावर उलगडली. आत भरणाची पानं, दुमडून दुमडून, हवेला वाट राहील अशी बसवलेली. त्यांना आवळणारं एक जाडसर बांधणीचं पान. आणि सगळ्यांत वर देखणं, तलम, एकसारख्या रंगाचं पान, तिरकं तिरकं गुंडाळत वर नेलेलं. ते जिथे संपतं तिथे, ओठाकडच्या टोकाला, पानाचीच एक टिकली झाडाच्या डिंकाने चिकटवलेली. तिला मी टोपी म्हणू लागलो. टोपीच्या खाली सिगार जिथे गोलाई सोडून सरळ होते तो खांदा. कापायचं ते टोपीवर, साधारण दोन मिलिमीटर, खांद्याच्या वर. खांद्याखाली पातं उतरलं की वरचं पान निऱ्या सुटाव्यात तसं सुटत जातं, आणि मग ओढणाऱ्याच्या तोंडात धूर कमी, पाला जास्त.

जाडीचं मापही मजेशीर. इंचाचे चौसष्ट भाग करायचे, त्यातले किती ते सांगायचं. त्याला म्हणायचं रिंग गेज. ५० गेज म्हणजे १९.८४ मिलिमीटर. चर्चिलच्या नावाने ओळखली जाते ती ४७ गेजची, सात इंच लांब. हल्ली ६० गेजच्याही निघतात, म्हणजे २३.८ मिलिमीटर, चांगलीच लठ्ठ. मी हे आमच्या मिस्त्रींना समजावून सांगत होतो. ते साठीच्या पुढचे, मिलिमीटरवर त्यांचा अजून पूर्ण विश्वास नाही. म्हणाले, "म्हणजे एका सुताचा आठवा भाग. एवढं काय त्यात?" इंचाचे आठ भाग म्हणजे सूत, सुताचे आठ भाग म्हणजे गेज. माझ्या पाच मिनिटांच्या व्याख्यानाचं त्यांनी एका वाक्यात काम केलं. भोक २५ मिलिमीटर धरायचं ठरलं.

डबी आणि कटर घरी नेले होते. माय ओट्यावर बसली होती. तिने एक कटर उचललं, उघडलं, मिटलं, भोकातून माझ्याकडे बघितलं.

"हाई काय शे?"

सांगितलं. तिने खालून वरून बघून विचारलं, "यामा सुपारी फुटी का रे भाऊ?"

"नाही फुटणार."

"मंग काय कामनं?" म्हणाली आणि परत ठेवून दिलं.

मी हसलो खरा, पण 'फुटी का' हा शब्द डोक्यात राहिला. ती 'कापली जाईल का' म्हणाली नव्हती.

आमच्या घरात तंबाखू आबांपासून. त्यांची लाल कापडाची चंची खुंटीला लटकलेली असायची. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी, चुन्याची डबी, काताचा तुकडा, आणि मधल्या मोठ्या कप्प्यात अडकित्ता. मुठी पितळेच्या, पातं लोखंडी, बिजागरीवर पाठीला पाठ लावून बसलेले दोन राघू. रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर 'कट्' असा आवाज आला की समजावं, आबा जागे आहेत. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगिजांच्या मागोमाग आली, असं शाळेत शिकलो होतो. पुढे कधीतरी वाचलं की अकबराचा असद बेग नावाचा माणूस विजापूरहून परतताना तंबाखू आणि नळी घेऊन आग्र्याला गेला आणि बादशहापुढे ठेवली. हकीम नको नको म्हणत असताना बादशहाने दोन-तीन झुरके घेतलेच. ही सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची गोष्ट. १६०१ मध्ये अकबराने खानदेश घेतला होता, आणि दख्खनेतून आग्र्याकडे जाणारी मोठी वाट आमच्या बऱ्हाणपुरावरून जायची. तेव्हापासून आतापर्यंत हकीम नको म्हणतात आणि माणसं झुरके घेतात.

आबा शहाऐंशी वर्षं जगले. नाना, म्हणजे माझे धाकटे काका, बावन्न. आबांचं पान होतं, नानांचा मावा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घालून तळहातावर घोटायचा. दिवसाला दहा-दहा पुड्या. आधी तिखट सोसेना, मग तोंड उघडेना. डॉक्टर बोटं उभी धरून मोजायचे. पहिल्यांदा तीन बोटं जात होती, मग दोन, शेवटी एक. नंतर मोजण्यासारखं काही राहिलं नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तेव्हा नानांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मावा हा शब्द आमच्या घरात तेव्हापासून कोणी सहसा उच्चारत नाही.

हे सगळं असताना मी ते काम घेतलं. पाच माणसांचा पगार होता, त्या दिवसांत डाळमिलची कामं मंदावली होती, आणि खरं सांगायचं तर ते तीन कटर बघून माझे हात शिवशिवत होते. तिघांतल्या एकाचीही धार मनासारखी नव्हती. दुसऱ्याच्या हत्यारातली खोट दिसली की कारागीर निम्मा हरतो.

पहिला नमुना मी अडकित्त्यावरून केला. आपल्या मातीतलं हत्यार, आपली ओळख वगैरे. एक पातं, खाली टेकू, एका टोकाला खीळ. अडकित्त्याची खुबी अशी की जोर हाताने लावायचा लांब टोकाला आणि सुपारी ठेवायची खिळीजवळ. जितकी जवळ तितका जोर जास्त. आबा कडक रोठा सुपारी असली की ती अगदी राघूंच्या शेपटीपाशी सरकवायचे. हेच गणित मी २० मिलिमीटरच्या गोलाला लावलं, दिसायला फार सुरेख झालं, आणि पहिल्याच दाबाला सिगारचा बोंबील झाला. अक्षरशः चपटी. पातं आत शिरण्याआधी पानांनी अंग चोरलं, गोलाचा लंबगोल झाला, आणि बाजूने वरचं पान टरकलं.

तेव्हा मायचा शब्द कळला. सुपारी कापली जातच नाही. ती फुटते. पात्याने फक्त कुठे फुटायचं ते दाखवायचं, पुढचं सुपारी स्वतः करते. कडक वस्तूला हत्याराची गरज थोडी असते. सिगार मऊ, ओलसर, हवेने भरलेली. तिला फुटणं माहीत नाही, ती दबत राहते. तिला दोन्ही बाजूंनी एकदम घेरून, दबायला जागा न ठेवता, पात्याने कातरत जावं लागतं. म्हणून दोन पाती समोरासमोर सरकणारी, आणि धार सरळ नको, आत वळलेली, चंद्रकोरीसारखी. सरळ पातं गोलाला एका रेषेत गाठतं आणि चपटं करतं. कोर गोलाला कवेत घेते, मधोमध आणते, आणि कडेपासून आत थोडं थोडं कापत जाते. फ्रान्समध्ये १७९२ मध्ये ज्या यंत्राने माणसांच्या माना उडवायला सुरुवात झाली त्याचंही पातं तिरकं होतं ते याचसाठी. सिगारच्या कटरला इंग्रजीत त्याच यंत्राचं नाव आहे, गिलोटीन. छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनलाही. नाव ऐकून दचकणारा मी एकटाच असेन.

सिगारी बाराच. त्यातली एक उलगडण्यात गेली, एक अडकित्त्यात. मग तालमीसाठी केळीची वाळकी पानं आणली. आमच्याकडे त्यांना तोटा नाही. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवून घट्ट वळ्या केल्या, वर बारीक दोरा. दोनेक दिवस शेड बिडीच्या कारखान्यासारखं दिसत होतं. केळीच्या वळ्या झकास कापल्या जाऊ लागल्या. आता खऱ्या सिगारीवर जाऊ म्हटलं, आणि टोपी वाचवून बाकीच्या अंगाच्या दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्या पाडायच्या ठरवल्या, म्हणजे पाच इंचांच्या एका सिगारीत साठेक वेळा धार तपासता येईल.

पहिलीच चकती भुगा होऊन पडली. दुसरी, तिसरी, तशीच. वरचं पान कुरकुरीत पापडासारखं तडकत होतं. मी कटरला दोष दिला. पाती काढली, परत घासली. पुन्हा तेच. नव्या पात्यांवर कोन बदलला. पुन्हा तेच. आठ दिवस मी त्या पात्यांच्या मागे लागलो होतो. बाहेर एप्रिल मधावर आलेला. जळगावचा एप्रिल ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. दुपारी दोनला दोरीवरचा टॉवेल वाळून उभा राहतो. एके दिवशी मिस्त्रींनी एक सिगार दोन बोटांत धरून कानाशी नेली, हलकेच दाबली. म्हणाले, "साहेब, ही तहानलेली आहे. पात्याला काय मारता?"

त्यांची आई बिड्या वळायची. टेंभुर्णीची पानं ती आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, तेव्हा कुठे सकाळी कात्रीखाली नीट यायची. वाळक्या पानाला कात्री लावली तर आई हातावर मारायची, म्हणाले. मी केळीची पानं भिजवली होती आणि सिगारी उघड्या टेबलावर ठेवल्या होत्या. शहाणपण एवढं जवळ असून शेजारच्या खणात जाईना, असा प्रकार.

सिगारीला हवा लागते साधारण ६५ ते ७० टक्के दमटपणाची. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी वीस टक्के असली तरी पुष्कळ. कूलरसमोर ठेवावं तर एकीकडून भिजते, दुसरीकडून वाळते. मग शाळेतलं रसायनशास्त्र कामी आलं. बंद डब्यात मिठाचा ओला चिखल ठेवला, म्हणजे मीठ विरघळायचं थांबेल इतकं जास्त मीठ आणि थोडंसं पाणी, तर त्या डब्यातली हवा पंच्याहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. वर जात नाही, खाली येत नाही. सिगारवाल्यांच्या मानाने जरा जास्त, पण आमच्या तहानलेल्या पाहुण्यांना चाललं. माझा जेवणाचा डबा त्यात गेला. सगळ्यांत खालच्या पुडात मीठ, वर जाळी, जाळीवर सिगारी. आठवड्याभरात त्या परत मऊ झाल्या. कापल्या तर पहिल्याच पात्यांनी, न बदललेल्या कोनाने, लोण्यासारख्या.

दोन मिलिमीटरचा प्रश्न मात्र राहिला होता. ओढणाऱ्याने अंदाजाने सिगार भोकात घालायची आणि दाबायचं. हात पुढे गेला की खांदा उडाला. परदेशी कटरांत एकाला मागून पाटी होती, दोघांना नव्हती. मी ती पाटी स्वस्तात काम उरकण्यासाठी लावलेली समजत होतो.

मे महिन्यात रावेरला एका केळीच्या पॅकहाउसला गेलो होतो, त्यांच्या पंपाचं काम होतं. घड टांगून ठेवलेले आणि एक म्हातारा बाबा वाकड्या सुरीने एकेक फणी सोडवून पाण्याच्या हौदात सोडत होता. हात इतका सहज की बघत राहिलो. प्रत्येक फणीच्या मुळाशी तो दांड्याचा थोडा भाग राखून कापायचा. शेजारचा नवशिका पोरगा दांड्याला खेटून कापत होता. बाबांनी त्याच्या हातातली फणी घेतली, उलटी धरली. तिची दोन केळी चीक गाळत आपोआप सुटून हौदात पडली.

"मान ठेवा लागते भो," बाबा म्हणाले. "नाई त फनी सुटते. अन् तिथूनच सडते."

मी पंपाचं विसरलो. मान ठेवायची. सिगारचंही हेच होतं, आणि मी इतके दिवस 'किती कापायचं' याच्यावर डोकं लढवत होतो. बाबा सुरीकडे बघत नव्हते. ते उरणाऱ्या मानेकडे बघत होते.

परत येताना बसमध्ये तिकिटाच्या मागे चित्र काढलं. पात्यांच्या मागे, बरोबर दोन मिलिमीटरवर, एक पाटी. टोपी पाटीला टेकली की बस, पुढे जायला वाटच नाही. आंधळ्याने कापलं तरी मान राहणार. टोकदार सिगारीही असतात, त्यांचं टोक दोन मिलिमीटर कापून भागत नाही, म्हणून पाटी खिळीवर फिरून बाजूला होईल अशी केली. हे फिरणं निर्यातदार साहेबांना सगळ्यांत जास्त आवडलं, कारण ते दाखवता येत होतं. पाटीचं माप बरोबर आहे हे कोणाला दाखवून कळतं?

त्या तिकिटाच्या चित्रामुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली खरी गोष्ट तीच. पात्याला एका अंगाला उतार असतो, दुसरं अंग सपाट. कापताना सपाट अंगाकडचा भाग शाबूत राहतो आणि उताराकडचा रेटला जातो. आबांच्या अडकित्त्यात पडणारा तुकडा हवा असतो. तोच तोंडात जायचा. उरलेली सुपारी पुन्हा चंचीत. सिगारीत उलटं. पडणारी टोपी कचरा, उरते ती सिगार. कटर आखणाऱ्याने आधी हे ठरवायला पाहिजे की आपण पडणाऱ्याच्या बाजूने आहोत की उरणाऱ्याच्या. मी म्हटलं सोपं आहे. सपाट अंग सिगारकडे, उतार टोपीकडे.

कागदावर सोपं. पण पाती दोन. ती एकमेकांना घासून सरकायची तर दोघांची सपाट अंगं एकमेकांकडे हवीत. म्हणजे एकाचा उतार टोपीकडे जाणार आणि दुसऱ्याचा सिगारकडे. येणारच. त्यातून सुटका नाही. प्रत्येक दुपाती कटरात अर्धी सिगार प्रेमाने कापली जाते आणि अर्धी थोडी रेटून. तीनही परदेशी कटरांनी कापलेल्या चकत्या भिंगाखाली धरल्या तर प्रत्येकीत अर्धा चंद्र गुळगुळीत आणि अर्धा किंचित दबलेला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. खोट त्यांची नव्हती, रचनेची होती. रचनेची खोट काढता येत नाही, कमी करता येते. मी पातं १ मिलिमीटरवर आणलं, उतार लांबट आणि निजलेला केला. म्हणजे रेटणारा खांदाच बारीक झाला. डोळ्यांना फरक दिसेना. मिस्त्रींना भिंगाखाली दिसला. ते म्हणाले, "हाय थोडा." मीही म्हणालो, आहे थोडा.

पातळ पात्याने दुसरं दुखणं आणलं. तंबाखूचा ओलावा आणि चीक, म्हणून स्टील न गंजणारंच हवं. पहिल्यांदा स्वस्तातलं घेतलं, ४२० नंबरचं. या नंबरावर आमच्या शेडमध्ये महिनाभर विनोद झाले, आणि धारेने ते खरेही केले. शे-दोनशे चकत्यांनंतर धार बसू लागली. मग ४४०सी आणलं. त्यात क्रोमियम १६ ते १८ टक्के, कार्बन टक्क्याच्या आसपास. पाणी नीट दिलं तर धार टिकते. पण ते पाणी द्यायला माझ्याकडे भट्टी नाही. बाहेरगावच्या एका भट्टीत पाती दिली. परत आली तर कडक झाली होती, कागद धरून ओढला तर कापत होती, आणि टेबलावर ठेवली तर पाळण्यासारखी डुलत होती. १ मिलिमीटरचा पत्रा हजार डिग्रीच्या वरून थंड होताना वाकडा होणारच. दीड-दोन दशांश मिलिमीटरचा बाक. ऐकायला काही नाही, पण दोन पात्यांत तेवढी फट पडली की तंबाखूचा तंतू कापला न जाता त्या फटीत घडी होऊन अडकतो आणि कटर दारात पदर सापडावा तसं थांबतं. भट्टीवाल्याने आपली चूक मानली नाही. चूक त्याची नव्हतीही पूर्णपणे. मी त्याला पाती सुटी दिली होती. दुसऱ्या खेपेला मी स्वतः जाऊन उभा राहिलो आणि भट्टीतून काढल्या काढल्या प्रत्येक पातं दोन जाड ठोकळ्यांत दाबून थंड करवून घेतलं. ४४०सी हवेतही कडक होतं, त्याला तेलात बुडवायची गरज नाही. पाती सरळ आली. कडकपणा रॉकवेलच्या मापाने ५७-५८ आला. गाडीभाडं धरून त्या घाण्यात मी काही कमावलं नाही.

तयार झालेला पहिला चांगला नमुना मी टेबलावर ठेवून फोन घ्यायला उठलो होतो. सुट्टी होती म्हणून पुतणी शेडमध्ये आली होती. वळून बघतो तर तिने कटरच्या भोकात बोट घातलं होतं आणि मला दाखवून हसत होती. २५ मिलिमीटरच्या भोकात सहा वर्षांच्या पोरीचं बोट. मी ओरडलोही नाही. आवाजच फुटला नाही. हळूच जाऊन तिचा हात धरला आणि बोट काढलं. काही झालं नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि बोटं मोजणारे डॉक्टर का आठवत होते ते मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी खटका घातला. कटर आपोआप मिटून बसतं, आणि उघडायला दोन्ही बाजूंच्या टिकल्या एकदम दाबाव्या लागतात. लहान मुलाच्या एका हाताला ते जमत नाही. किंमत वाढली. निर्यातदार साहेबांनी विचारलं, हे कशाला? त्यांना म्हटलं, खिशात उघडू नये म्हणून. तेही खरंच होतं.

जुलैत तीनशे नग गेले. पैसे दिवाळीनंतर आले, तेही दोन हप्त्यांत, पण हे सगळ्या धंद्यांत असतं. माझ्याकडे एक नमुना राहिला, दोन अख्ख्या सिगारी राहिल्या, आणि चकत्यांची एक बरणी. शेकडो चकत्या. प्रत्येक चाचणीची चकती मी तारीख घालून कागदाच्या पुडीत ठेवली होती, भिंगाखाली बघायला. काम संपल्यावर सगळ्या पुड्या फोडून बरणीत ओतल्या. फेकायला जीव होईना आणि ठेवायचं कारणही नव्हतं. बरणी घरी स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेली. झाकण उघडलं की आबांच्या चंचीसारखा वास यायचा. तेवढ्यासाठी मी एक-दोनदा उघडलीही.

सप्टेंबरात एका सकाळी मागच्या दारी उग्र वास सुटला. जाऊन बघतो तर माय गॅसवर जुन्या पातेल्यात काहीतरी उकळत बसली होती. पाणी काळंभोर. शेजारी माझी बरणी, निम्मी रिकामी.

"माय, हे काय?"

तिने उत्तर दिलं नाही. पातेलं उतरवलं, फडक्याने गाळलं, गार झाल्यावर फवाऱ्याच्या बाटलीत भरलं आणि परसात लिंबाकडे गेली. मी मागे गेलो. लिंबाच्या कोवळ्या फुटीवर काळपट बारीक किडे दाटीने बसले होते, पानं खालच्या बाजूला वळली होती, मुंग्यांची रांग लागली होती. माय एकेक डहाळी वाकवून पानांच्या पाठीवर फवारत होती. नानांच्या वेळी ती दवाखान्यात बसायची तशीच, ओठ मिटून.

"मावा पडेल शे," ती म्हणाली.

कित्येक वर्षांनी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला. मी बाटली तिच्या हातातून घेतली आणि तिचा हात पोचत नव्हता त्या वरच्या फांद्यांवर फवारू लागलो. ती खाली उभी राहून किडे गळतात का ते बघत होती. मग बरणीकडे हात करून म्हणाली,

"आखो शेतस का?"